निवडुंगावरचे सरकारी किडे

निवडुंगाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. आमच्या निफाडच्या मळ्याला त्याने असं वेढलं होतं की बैलगाडी न्यायला वाट उरली नव्हती. शेवटी शेतकी खात्याचे साहेब आले आणि त्यावर कापसासारखे पांढरे किडे सोडून गेले. जाताना बजावलं, “हेच निवडुंग खाऊन संपवतील. सरकारी किडे आहेत, कुणी पुसून टाकायचे नाहीत!”

आमची आत्या लग्नाच्या वर्षातच विधवा झालेली. पण कुणी ‘नको’ म्हटलं की तिला कुठलं चैन! तिने एक किडा बोटाने चिरडून पाहिला, तर आतून लालभडक रस निघाला. त्याच बोटाने तिने कपाळावरचा घाम निपटला आणि तशीच घरी आली.

आई तिला बघून हादरलीच. “अवं आक्का, कपाळाला कुंकू? लोक काय म्हणतील?”

आत्याने हंड्यातल्या पाण्यात वाकून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. आई ओला पदर घेऊन पुढे झाली, तसा आत्याने तिचा हात धरला.

“राहू दे गं. सरकारी हाय. पुसायचं नाय.”