उभ्या गाडीचा आवाज

मेकॅनिक: कशी चालते ते राहू द्या, दाजी. बंद कधी पडते ते सांगा.

दाजी: तिसऱ्यांदा तेच विचारतोयस. सगळं इंजिन खोललंस, बोअर केलंस, नवा पिस्टन घातलास, आणि मोटरसायकल दमेकरी म्हाताऱ्यासारखी खोकते. नाचता येईना, अंगण वाकडं.

मेकॅनिक: अंगणाला कुठे नावं ठेवतोय मी? रस्त्यावर खोकते की उभी असताना?

दाजी: उभी. चालू करून ठेवली की जरा वेळ बरी असते. मग फटफट करते आणि मरते.

मेकॅनिक: जरा वेळ म्हणजे किती?

दाजी: घड्याळ लावून बसतो का मी? मी आत घरात असतो.

मेकॅनिक: तुम्ही आत, आणि गाडी इथे शेडमध्ये चालू? अहो, वाऱ्यावर थंड होणारं इंजिन आहे हे. पळालं तर जगतं. ही धुराची नळी बघा, तापून निळी पडलीये. प्लग पांढराफटक. आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात गाडी अशी भाजली नाही.

दाजी: बाबांची होती तेव्हा होती. तू मला दिलीस, आता माझी. मला आवाज आवडतो तिचा.

मेकॅनिक: तुमचीच आहे हो. फक्त कुठून तरी फालतू हवा ओढतेय. मागच्या दोन्ही वेळी कार्बोरेटरचे नट सैल निघाले. मला वाटलं, हादऱ्यानं होत असेल. थांबा, काढूनच बघतो. टॉर्च धरा जरा.

दाजी: धरला.

मेकॅनिक: हे घ्या. मी सांध्यात बसवलेलं पॅकिंग. कड बघा. फाटलेलं पॅकिंग असं सरळ नसतं, हे ब्लेडनं कापलंय. आणि नटांवर पान्याच्या ताज्या खुणा. म्हणजे माझं काम चोख होतं, दाजी. कोणीतरी मुद्दाम केलंय हे.

दाजी: कोणीतरी.

मेकॅनिक: तेही ज्याला यातलं कळतं असं कोणीतरी.

दाजी: शेडला कुलूप असतं. आत यायचं तर एक स्वयंपाकघराचं दार. आणि घरात माणसं दोन.

मेकॅनिक: मग कोण?

दाजी: तू नवीन पॅकिंग बसव. अगं ए, बाहेर ये. भाऊ बोलावतोय तुझा.

ताई: काय झालं?

दाजी: हे काय आहे, सांग बरं.

ताई: मला काय कळणार त्यातलं?

मेकॅनिक: काहीही काय, ताई. बाबांच्या हाताखाली पाने तूच तर द्यायचीस. माझ्याआधी कार्बोरेटर तू खोललायस.

दाजी: असं होय. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्हाला कोणी बोललं नाही.

मेकॅनिक: दाजी, मनगट सोडा तिचं. पिरगळतंय.

दाजी: नवराबायकोत पडू नकोस. नट आवळ आणि गाडी चालू कर.

ताई: नको. भाऊ, पाया पडते तुझ्या, चालू करू नकोस.

मेकॅनिक: का पण?

ताई: ही चालू असली की मी ओरडलेलं भिंतीपलीकडे जात नाही.

दाजी: तोंड बंद.

ताई: मारा. अजून एक मारा. आज गाडी बंद आहे, ऐकू जाईल लोकांना.

मेकॅनिक: ताई, ओठ फुटलाय तुझा.

ताई: ओठाचं काय घेऊन बसलास. आधी हे हात आखडता घ्यायचे, शेजारी ऐकतील म्हणून. तू हौसेनं गाडी आणून दिलीस आणि ह्यांचा हात मोकळा झाला. ही बंद पडली की थांबतात. म्हणून मीच बंद पाडत होते. तू दर वेळी यायचास, चहा प्यायचास आणि नीट करून जायचास. मागच्या खेपेला इतकी सुरेख केलीस की थांबेचना. बरगडी गेली माझी त्या दिवशी.

मेकॅनिक: तू तर जिन्यावरून पडलीस म्हणालीस. एका शब्दानं सांगायचंस ना मला.

ताई: पहिल्यांदा माहेरी येऊन सांगितलं होतं. तू समजूत घालून परत आणून सोडलंस. दाजी मनानं चांगले आहेत म्हणालास.

दाजी: संपलं पुराण? मेव्हणेबुवा, तुम्ही निघा आता. हिचं काय करायचं ते मी बघतो.

मेकॅनिक: निघतो. एक नट राहिलाय. झाला. गाडी चालू करून दाखवायची होती ना तुम्हाला?

दाजी: हां, असं शहाण्यासारखं वाग. मार किक.

मेकॅनिक: ताई, तू भिंतीशी हो.

दाजी: तिला कशाला बाजूला करतोस? पाना खाली ठेव. ए, पाना खाली ठेव आधी.

(इंजिन सुरू होतं आणि एकसारखं चालत राहतं. बराच वेळ दुसरं काही ऐकू येत नाही. मग ते बंद होतं.)

मेकॅनिक: कोणी बंद केली?

ताई: मी. चावी काढली.

दाजी: हात… हात गेला माझा. डॉक्टरला बोलवा कोणीतरी.

मेकॅनिक: गप पडून राहा, नाहीतर दुसराही मोडीन. ताई, चावी दे इकडे.

ताई: पुरे झालं. तोंडातून रक्त येतंय त्याच्या. मरेल तो.

मेकॅनिक: मरू दे. माझं झालेलं नाही अजून. चावी दे.

ताई: पाना आहे की हातात. चावी कशाला हवीये तुला?

मेकॅनिक: ताई, असं नको बोलूस.

ताई: तुलाही आवाज लागला, बघ.

मेकॅनिक: मी तुझ्यासाठी केलं हे. माझ्या हातून जे झालं, ते भरून काढायला.

ताई: माहीत आहे. पण मघाशी तुझ्याकडे बघवत नव्हतं मला. भिंतीला पाठ लावून उभी होते, तशीच, रोजच्यासारखी.

मेकॅनिक: मग काय करू मी?

ताई: पाना ठेव खाली. जाऊन शेडचं ते बाहेरचं दार सताड उघड. मला शेजाऱ्यांना हाक मारायचीये.