कॅथोडपाशी काय येतं?

अगं, यंदाच्या बारावीच्या प्रॅक्टिकलला माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. बाहेरून आलेले परीक्षक सर प्रत्येकाला एकच विचारत होते, "मिठाच्या पाण्यातून वीज सोडली, तर कॅथोडपाशी काय येईल?"

माझ्या वर्गातली पोरं बिनधास्त ठोकून देत होती, "सोडियम!"

मला मध्ये बोलायची सोय नाही. निदान पाण्यातल्या हायड्रोजनची आठवण व्हावी म्हणून मी दर वेळी बाटली पुढे करायचे, "सर, पाणी घ्या ना. पाणी!" पोरं आपली 'सोडियम'वरच.

शेवटी डोंगरी गावाहून येणारी प्रेरणा पुढे आली. तिच्या बाबांची मासेमारीची बोट आहे.

"हायड्रोजन, सर. सोडियम न्हाय."

"कशावरून?"

"आमच्या बोटीत बॅटरीच्या दोन्ही वायरी खाऱ्या पाण्यात पडलेल्या. नुसते बुडबुडे आले. सोडियम आलं असतं तर पाण्यात भडकलं असतं, बाबा घरी आले नसते."

सर खो खो हसले आणि पूर्ण मार्क दिले. मी हुश्श केलं, तेवढ्यात त्यांनी बाटली माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, एकीला तरी कळलं. आता हे पाणी तुम्ही प्या."