बिननाकाचे पाहुणे

...नाही, पण पलंग आहे ना आमच्या खालच्या पाहुण्यांच्या खोलीत, मीच पसंत केलेला पलंग, सागवानी, आणि सहा वर्षं मी तो पाहिलेला नव्हता, कारण त्याच्यावर मडकी होती. मडकी म्हणायचं नाही हं. "कुंभ म्हण," असं आमचे हे सांगतात, तेही हळूच, म्हणजे मडक्यांना वाईट वाटायला नको. म्हटलं, असू दे.

आता आमचे हे म्हणजे कोण, तर चष्म्याचे दुकानदार. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवायचं आणि विचारायचं, "आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" अर्ध्या गावाची नजर सुधारली या माणसानं. आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात गेला की काय होतं कुणास ठाऊक... तिथे एक विक्रेता आहे, घोगऱ्या आवाजाचा, आम्ही त्याला घोगरेच म्हणतो, तो इकडे बघतो, तिकडे बघतो आणि म्हणतो, "साहेब, हे मी सगळ्यांना दाखवत नाही. जमिनीखालून निघालंय." अहो, बटाटेसुद्धा जमिनीखालूनच निघतात, ते आणा म्हटलं की विसरतात!

पहिल्यांदा आलं ते पाऊल. दगडी. तेही अख्खं नाही, अंगठा आणि शेजारची दोन बोटं. मी विचारलं, "बाकीचा माणूस कुठाय?" तर म्हणाले, "अगं, दोन हजार वर्षांत थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच." म्हटलं, असू दे. मग एक डोकं आलं, नाक नसलेलं. मग आणखी दोन डोकी, त्यांनाही नाक नाही. एक काळा कुंभ आला, त्याच्या पोटावर माणसं गोल गोल पळतायत, सगळी उघडी आणि सगळी घाईत. मग दोन प्राणी आले, अंग सिंहाचं, तोंड बाईचं, आणि दोघींनी मिळून डोक्यावर एक घड्याळ धरलेलं. मी विचारलं, नुसतं विचारलंच हो, "त्या काळी घड्याळं होती?" हे म्हणाले, "घड्याळ नंतर बसवलं असेल." म्हटलं, असू दे.

आणि मग माझी आई पडली. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले, जिना बंद, खोली तळमजल्यावर हवी, शेजारी न्हाणीघर हवं. भाऊ राहतो चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे उरलं कोण? मी. आणि उरली कुठली खोली? तुम्ही ओळखलंतच. आठ दिवस होते हातात. मी ह्यांना सांगितलं, ओरडले नाही, नुसतं सांगितलं. दोन दिवस हे नुसते जेवायचे, उठायचे, त्या खोलीच्या दारात उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी सगळं संग्रहालयाला देऊन टाकतो. तिथे नीट राहील." आणि डोळ्यांत पाणी. बघा म्हणजे, खोली मला हवी होती, आणि मलाच चोर असल्यासारखं वाटायला लागलं.

मंगळवारी अकराला संग्रहालयातल्या बाई आल्या. ह्यांनी दुकान बंद ठेवलेलं, इस्त्रीचा शर्ट घातलेला, एकेका वस्तूला चिठ्ठी लावलेली. बाईंनी हातमोजे चढवले, छोटी बॅटरी काढली, कुंभ उलटा केला, म्हणाल्या, "हं." डोक्याच्या मागे बघितलं, "हं." पंधरा-वीस वेळा हं झाल्यावर मला कळलं की हे चांगलं हं नाही. ह्यांना कळेना. हे आपले म्हणतायत, "डोळे बारीक करून बघताय, तुमचा नंबर वाढलाय, दुकानात या."

मग बाईंनी हातमोजे काढले. "काका, हे फार जुनं नाही."

"म्हणजे किती नाही?"

"शंभर-सव्वाशे वर्षं. तेव्हा जुन्या धाटणीच्या वस्तू दिवाणखान्यात मांडायची टूम होती, कारखान्यात बनायच्या. नाकं मुद्दाम तोडून ठेवायचे, गिऱ्हाइकांना मोडकं आवडायचं."

"आणि पाऊल?"

बाई फार सभ्य हो. पाऊल दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवलं त्यांनी. मग म्हणाल्या, "ते कागदांवर ठेवायचं वजन आहे, काका."

म्हणजे बाकीचा माणूस नव्हताच कधी! संग्रहालयाला यातलं काही घेता येणार नव्हतं. हे स्टुलावर बसले. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. म्हणाले, "मी लोकांना विचारतो, दिसतंय का म्हणून."

आता मला सांगा, या क्षणाची मी सहा वर्षं वाट बघत होते. काय काय बोलायचं ते भांडी घासताना पाठ केलेलं होतं. आणि त्या माणसाच्या मानेकडे बघितलं, अशी वाकलेली मान... त्यातलं एकही वाक्य आठवेना. तोंडातून काय निघावं? "पण बाई, करणाऱ्यानं काम तर मन लावून केलंय ना?"

बाईंचा चेहरा खुलला. "काम उत्तमच आहे. खरं सांगायचं तर अशा वस्तू जमवणारेही असतात. तो एक वेगळाच विषय आहे."

ह्यांची मान वर आली. "वेगळा विषय?"

जीभ चावली मी. पण काय उपयोग? अहो, खऱ्या प्राचीन वस्तूचा निदान तुटवडा तरी असतो, सापडायला लागते ती. हे कारखान्यातलं! देवळाच्या आकाराची दौत आली, खांबाच्या आकाराचा दिवा आला, छत्र्या ठेवायचा रांजण आला, त्याच्यावरही तीच उघडी माणसं, अजून घाईतच. घोगऱ्यानं आवाजसुद्धा बदलला, आता म्हणतो, "साहेब, अस्सल नक्कल आहे."

आठव्या दिवशी आई आली. अर्धा पलंग मोकळा केला होता, "तात्पुरतं," असं हे म्हणाले. माझी सगळी भिस्त आईवर. माझी आई म्हणजे चमचा वाकडा ठेवलेला खपायचा नाही तिला. म्हटलं, ही बोलेल. दोन दिवस नुसती पडून त्या बिननाक्यांकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हा मधला तुझ्या थोरल्या काकांसारखा दिसतो गं." चौथ्या दिवशी फडकं मागितलं. पुसलं त्याला, कानामागेसुद्धा. आणि पाचव्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर ह्यांना विचारत होती, "जावईबापू, ह्याच्या जोडीची बाई नाही का मिळायची?"

चार वर्षं झाली होती माझे बाबा जाऊन. त्यानंतर तिनं कशाचीही चौकशी केली नव्हती. मी कप ठेवला आणि बाहेर आले.

आता डॉक्टर म्हणतात, रोज तासभर चालवा. कुठे चालतात? जुन्या बाजारात. वॉकरला ह्यांनी पुढे टोपली बसवून दिली आहे. हे हेरतात, आई घासाघीस करते, घोगऱ्या तिला बघून दुकान आवरायला लागतो म्हणे. परवा बेल वाजली, दार उघडलं, तर दोघं उभी, दोघांच्या मध्ये एक लाकडी खोका, खोक्यातून एक दगडी कोपर बाहेर आलेलं, आणि दोघांचे चेहरे असे उजळलेले... मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "दुसरी फळी पण उघड दाराची, आणि जरा बाजूला हो."

झाले बाजूला.