त्यांच्यापुरता बेकायदेशीर

उरलेले पेढे आहेत, घ्या. पण अभिनंदन कुणी करू नका, डोकं आधीच फिरलंय.

माझी धाकटी बहीण मेधा अमेरिकेत असते. तिच्यासारख्या, नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकांची वर्क परमिट तिथल्या सरकारने एका हुकमाने बंद केली. काहीजणी फेडरल कोर्टात गेल्या. काल बातमी आली, जजने हुकूम बेकायदेशीर ठरवला. मी इथे सिंगापुरात ऑफिसातून तडक लिटिल इंडिया गाठलं, किलोभर पेढे घेतले, यिशुनला आमच्या मजल्यावर घरोघरी वाटले आणि मग तिला फोन लावला.

"दादा, स्थगिती फक्त केस करणाऱ्यांपुरती आहे."

"अगं, पण हुकूमच बेकायदेशीर ना?"

"त्यांच्यापुरता. माझी नोकरी शुक्रवारी जातेय."

मी असला भडकलो. म्हटलं, सरकार चुकलंय हे जजला दिसतं, मग सगळ्यांसाठी ते थांबवायचा अधिकार त्याला का नाही? एकच हुकूम शेजारणीसाठी बेकायदेशीर आणि तुझ्यासाठी कायदा? असलं कोर्ट काय चाटायचंय?

त्या रागात तिच्यावरही घसरलो. "आणि तू का नाही गेलीस त्यांच्याबरोबर? त्या बायकांनी विचारलं होतं ना तुला?"

"विचारलं होतं की," मेधा शांतपणे म्हणाली. "सही करायच्या आधी मी तुला फोन केला होता. तू म्हणालास, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."