पहिल्या रांगेतले आबा

जळगावच्या वाचनालयात अजिंठ्याच्या चित्रांवर बोलून रतिलाल सर पाचोऱ्याच्या एसटीत बसले. सभागृह जवळजवळ रिकामंच होतं. पण पहिल्या रांगेतले सुकदेवआबा शेवटपर्यंत मान डोलावत होते, म्हणून सर खुशीत होते. आबा आता पुढच्याच बाकावर होते, आणि शेजारचा हिलाल त्यांच्या कानाशी ओरडत होता.

“आबा, भाषन कसं व्हयनं?”

“काय मालूम! कान गयात ना मना.”

“मंग इतला दूर कसाले जातस?”

“घरमा मनासंगे कोनी बोलत नई. सून ताट ठेवस नि चालनी जास. तठे गुरुजी मनाकडे देखीसन घंटाभर बोलतस.”

“पन ऐकू येत नई, ते मान कसाले हलावतस?”

“मान नई हलाई, ते गुरुजी बी मनाकडे देखानं सोडी देतीन.”