कोरं केलेलं भूगोलाचं पुस्तक

चारुशीला : तो गठ्ठा बापूसाहेब वकिलांच्या घरूनच आला होता ना, डोमाजी? तेवढं सांगा. जुन्या पुस्तकांची ही सगळी ओळ मी पालथी घातली. जो तो तुमच्याच दुकानाकडे बोट दाखवतो.

डोमाजी : हो जी, वकिलीनबाई. साहेबांनी सोताच टांग्यात घालून आनला. म्या म्हनलं, बसा, चहा मांगवतो. तर मान खाली घालून निंगूनच गेले. मले तवा कुठं मालूम होतं, पोरगी वारली म्हनून!

चारुशीला : आणि मला गठ्ठा गेला तेच माहीत नव्हतं. मी अंथरुणालाच खिळले होते. उठून पाहते तर आमच्या अनुपमाचं कपाट रिकामं. वह्यासुद्धा बंबात घातल्या त्यांनी.

डोमाजी : साहेबायवर राग नोका धरू, बाई. मानसाले डोयापुढं पाहावत नाई.

चारुशीला : राग नाही हो. राग धरायला अंगात जोर लागतो. मला फक्त भूगोलाचं पुस्तक हवंय, मॅट्रिकचं. वर तपकिरी कागदाचं कव्हर होतं.

डोमाजी : थे एकच काहून जी?

चारुशीला : तिला ताप आला तेव्हा मी अकोल्याला होते, जठारपेठेत, भावजयीच्या बाळंतपणाला. तार उशिरा मिळाली. पोचले तर पोरीला शुद्धच नाही. आमच्या स्वयंपाकाच्या माणिकबाई सांगतात, ते पुस्तक छातीवर घेऊन पडून असायची आणि कडेला पेन्सिलीनं काहीतरी लिहीत राहायची. विचारलं की झाकून घ्यायची. काय लिहिलं असेल हो? माझ्यावर रुसून गेली का ती? तेवढंच मला बघायचंय, दुसरं काही नको.

डोमाजी : पुस्तक हाय, बाई. इकलं नाई अजून. हे घ्या. पर...

चारुशीला : हेच ते! कव्हर मीच घातलं होतं. पण हे... हे तर कोरं आहे. इथं काहीच नाही. इथंही नाही. डोमाजी, नीट बघा, दुसरं असेल.

डोमाजी : हेच हाय जी. अमरावतीत आमच्या ह्या लाइनीची रीतच हाय तशी. शाळा सुरू व्हायच्या आंधी पेन्सिलीचं सारं खोडरबरानं घासून काढाचं. कोऱ्या पुस्तकालेच गिऱ्हाईक येते. घासाचं काम आमच्या घरच्यायचं. इंदू, इकडं ये बरं जराशी.

चारुशीला : पेन्सिलीनंच लिही, शाई लावू नकोस, पुढच्या साली कोणाच्या तरी उपयोगी पडेल. घरोघरी हेच सांगतो आपण पोरांना. मीही जन्मभर तेच सांगितलं तिला.

इंदूबाई : काय झालं जी? पुस्तक खराब निंगालं का? म्या त सारे पानं चकचकीत केले होते.

डोमाजी : चूप राह्य, इंदू. वकिलीनबाईची पोरगी वारली. तिच्या हातचं लिवेल होतं त्याच्यात.

इंदूबाई : अवं माय वं!

चारुशीला : तुमची काही चूक नाही, इंदूबाई. फक्त सांगा, काय लिहिलं होतं तिनं?

डोमाजी : तिले काय इचारता, बाई? तिले कुठं वाचता येये तवा!

इंदूबाई : तवा नाई येये. आता थोडं थोडं येते. बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून वस्तीत बायायले शिकवाचं सारखं चालू होतं. यंदा इहारात वर्ग लागला. बाई, मी सांगू का नोको?

चारुशीला : सांगा. कसंही असलं तरी सांगा.

इंदूबाई : गुरुजीनं फळ्यावर एक शब्द काढला. मले वाटलं, हा आपून कुठंतरी पाह्यला हाय. घरी येऊन भाकर थापता थापता याद आलं. ह्याच पुस्तकात होता. पानापानावर, कडेकडेनं, तोच शब्द. यायले बी सांगतलं नाई म्या. जिवाले नुसता घोर लागला होता.

चारुशीला : कोणता शब्द?

इंदूबाई : आई.

(चारुशीला दुकानाच्या फळीवर बसते.)

चारुशीला : त्याच्या पुढं काही? 'आली नाही' वगैरे?

इंदूबाई : काई नाई, बाई. नुसतं आई. सुरवातीले बारीक, गोल गोल अक्षर होतं. मंग वाकडं होत गेलं.

चारुशीला : रुसलेलं माणूस असं लिहील का हो?

डोमाजी : नाई, बाई. रुसलेलं मानूस नावबी नाई घेत.

चारुशीला : आणि सगळंच गेलं? एखादं पानसुद्धा राहिलं नाही?

इंदूबाई : नाई राह्यलं. बाकीचे पुस्तकं म्या बसल्या बसल्या साफ केले. ह्याच्यावर लय घासा लागलं. दाबून दाबून लिवलं होतं पोरीनं. निंगतच नव्हतं.