पिवळं जाकीट साडूलाच

…आणि जाकीट कुणाला मिळालं? साडूला! तुम्हाला सांगतो, नाव आधी नोंदवलं मी, प्रशिक्षणाला पहिल्या रांगेत बसलो मी, शंका विचारल्या मी, आणि गटप्रमुखाचं ते पिवळं, पाठीवर चमकती पट्टी असलेलं जाकीट कुणाच्या अंगावर? जो नुसता आपल्या बायकोला सोडायला आला होता त्याच्या! नगरपालिकेच्या मॅडम त्याला म्हणाल्या, "तुम्हीपण थांबा ना," आणि हा थांबला. नुसता थांबला हो! थांबण्याला हल्ली कर्तृत्व म्हणतात. आता मी जळतो असं समजू नका. तो माझा स्वभावच नाही. पण…

हां, कसलं प्रशिक्षण ते राहिलंच. आमच्या शहरात बेघर माणसं किती, हे मागच्या मोजणीनंतरही कुणालाच धड ठाऊक नव्हतं. मग ठरलं, स्वयंसेवक जमवायचे, आणि एकाच दिवशी, उजाडता उजाडता, दुकानांची शटर वर जायच्या आत शहरभर हिंडून मोजायचं. जितकी माणसं मोजली जातील तितक्या खाटा नव्या निवाऱ्यात. सुटला तो सुटला! नियम दोन. झोपलेल्याला उठवायचं नाही, लांबूनच मोजायचं. आणि जागा असेल त्याला त्याच्या राजीखुशीनेच मोजायचं, "काल रात्री कुठे झोपलात?" असं विचारून. मला काय कठीण होतं सांगा? अहो, आयुष्यभर ग्रंथालयात वर्गीकरण केलंय मी! पुस्तकाची पाठ बघून विषय सांगतो!

पण साडू. माझ्या मेहुणीचा नवरा, म्हणजे घरातला धाकटा जावई. दोन जावयांच्या जुन्या कहाण्या असतात ना, त्यांची रचना जरा तपासून बघा. थोरला सगळी विहीर उपसतो, आणि धाकटा काठावर शीळ घालत बसलेला असताना राजकन्या येऊन त्यालाच माळ घालते. असं का व्हावं, याची मीमांसा विद्वानांनी केली असेलच. मला तिची गरज नाही. मी आमच्या सासऱ्यांकडचा नळ दुरुस्त केलाय. चिंब भिजून! साडूने काय केलं? बॅटरी धरली. सासरे काय म्हणाले? "जावईबापूंमुळे उजेड पडला हो!" आता मी जळतो असं नाही, पण नळ पाण्याचा होता की उजेडाचा?

आणि आमची ही! तीसुद्धा त्याच्याच गटात. म्हटलं, "अगं, तुझा नवरा कोण?" तर म्हणते, "अहो, नवरा घरी आहेच की. भाऊजींशी माणसं बोलतात. तुम्ही… तुम्ही शिकवता." मी? शिकवतो? तिला शिकवण्याची व्याख्या समजावून सांगेपर्यंत ती निघून गेली. मग मीही घेतलं नाव त्याच्याच गटात. लक्ष ठेवायला नव्हे! सोबत म्हणून.

त्या सकाळी बघायचं होतं तुम्ही. बंद दुकानाच्या फळीवर एक म्हातारे गृहस्थ जागे. मी पुढे झालो, ओळख दिली, हेतू विशद केला. ते म्हणाले, "बाजूला व्हा, उजेड अडतोय." मागून साडू आला, फतकल मारून खाली बसला, जाकिटासकट, आणि म्हणाला, "काय मामा, थंडी काय म्हणते?" झालं! मामांनी थंडीपासून सुरुवात करून मोडलेल्या संसारापर्यंत सगळं सांगितलं. आमची ही डोळे टिपतेय. मी उभा. मी जळत नव्हतो, तुम्हाला सांगतो, माझे गुडघे दुखतात म्हणून मला तसं बसता येत नाही, एवढंच!

पण पुढे बंद पडलेलं चित्रपटगृह लागलं, आणि त्याच्या पायऱ्यांवर त्या आजी. या आजींबद्दल मॅडमनी आधीच सांगितलं होतं. गेल्या मोजणीतही जाग्या होत्या, पण हो म्हणाल्या नाहीत, म्हणजे मोजल्या गेल्या नाहीत, म्हणजे खाट नाही. साडू गेला, "आजी, बसू का?" म्हणाला, आणि आजींनी… चादर तोंडावरून ओढून घेतली! काय सांगू तुम्हाला! मला एकदम पक्षी ऐकू आले. पहाट किती प्रसन्न असते नाही?

साडू म्हणाला, "दादा, तुम्ही बघता का? मी पुढची गल्ली करतो." वर खांद्यावर हात ठेवून गेला. काय हा उमदेपणा! अशाने माणसाचा जीव जळतो… म्हणजे कुणाचाही, माझा नव्हे.

कोपऱ्यावरून दोन चहा आणले, एक आजींपुढे ठेवला आणि खालच्या पायरीवर बसलो. गुडघ्यांसकट! थोड्या वेळाने चादरीतून आवाज आला, "तो पिवळा कोण?"

"तो? तो माझा साडू."

"मग?"

अहो, त्या 'मग'वर माझा बांध फुटला! नळ सांगितला, बॅटरी सांगितली, सासऱ्यांच्या त्याच त्या गोष्टी हा पुन्हा पुन्हा कसा ऐकून घेतो ते सांगितलं, कुठेही खाली कसा बसतो ते सांगितलं, माझी बायकोसुद्धा… सगळं! आजी घोट घेताहेत आणि "मग?" म्हणताहेत. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं हो! तेवढ्यात पहिलं शटर खडखडलं. आजींनी पेला खाली ठेवला. म्हणाल्या, "बरं. मोजा मला."

जिंकलो! पेन काढलं…

"तुम्ही नको. त्याला बोलवा."

"त्याला? का?"

"एवढं गुणाचं माणूस आहे म्हणता. जवळून बघू तरी."

"आजी, अहो, मी तक्रार करत होतो!"

"हो का? मला वाटलं स्थळ सांगताय."

आता सांगा, काय करायचं? दुसरं शटर वर गेलं, तिसरं हलायला लागलं. गप्प बसलो असतो तर जाकिटाची जिरली असती, कुणाला कळलंही नसतं… आणि म्हातारीची खाट गेली असती. पळालो! या गुडघ्यांनी! भर रस्त्यात ओरडलो, "साडूभाऊ! अहो साडूभाऊ!" आला तो. बसला. म्हणाला, "आजी, काल रात्री कुठे झोपलात?"

"इथंच. झोपले कुठे, बसले होते. डोळा लागला की चपला जातात."

आणि मी एवढा वेळ शेजारी बसून हे विचारलंच नव्हतं.

समारोपाच्या सभेत मॅडमनी साडूचं कौतुक केलं, ते ठीक. पण हा उभा राहिला आणि म्हणाला, "आजींचं श्रेय दादांचं!" आमच्या हिने टाळ्या वाजवल्या. बघा! निदान तक्रार तरी माझ्याकडे राहू द्यायची होती!

परवा निवाऱ्यात गेलो. आजी खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या. मला बघून चेहरा खुलला. म्हणाल्या, "या या! साडू कसे आहेत?"

काय सांगणार? म्हटलं, बरे आहेत. आणि खरंच बरा आहे हो तो… तीच तर पंचाईत आहे!